सुक्याबरोबर ओलंही

ब्रातिस्लाव्हात एप्रिल लागला की बर्चची झाडं
पिवळी भुकटी सोडून मोकळी होतात.
ट्रामच्या काचा, बागेतली बाकं, कुत्र्यांची नाकं,
सगळ्यावर एक पातळ थर.
अर्ध्या गावाच्या खिशात रुमाल, उरलेल्या अर्ध्याच्या खिशात गोळी.
माझ्या खिशात दोन्ही.

एकतीस वर्षं या तळघरात
मी दुसऱ्यांच्या रक्ताचा उजेड मोजते.
हसू नका. रक्ताला उजेड असतो.
पांढऱ्या पेशीपुढे यीस्टचा कण टाकला
की ती आधी त्याला कवेत घेते, मग श्वास ओढते
असा, की साध्या प्राणवायूचा विस्तव होतो.
त्यात ल्युमिनॉल असलं तर निळसर झळक.
डोळ्यांना ती दिसली नाही कधीच.
यंत्राला दिसते, आणि यंत्र मला कागदावर
एक टेकडी काढून देतं: चढ, माथा, लांबलेला उतार.

मग आम्ही नळीत औषध घालतो.
शिंका थांबवायचं, साधंच, दुकानात मिळणारं.
टेकडी खचते.
झोप आणणारी जुनी औषधं एका तऱ्हेने खचवतात,
नवी दुसऱ्या.
एखादं पेशीच्या आत शिरून निखाऱ्यावर हात ठेवतं,
एखादं उंबऱ्याबाहेरच्या ठिणग्याच तेवढ्या विझवतं.
हिस्टामिनशी याचा संबंध किती, आणि नुसत्या शेजाराचा किती,
यावर डॉक्टर ओतीलिआ दुपारभर बोलू शकतात.
मी नळ्या धुते.

त्या मंगळवारी स्वेतोझार हर्न्चिआर आले,
नऊ नंबरच्या ट्रामचे चालक, आमचे नेहमीचे निरोगी.
निरोगी माणसाची टेकडी लागतेच,
तिच्याशिवाय बाकीच्यांची उंची कशाशी ताडायची?
त्यांची आली बसकी.
पुन्हा लावली. बसकी.
तिसऱ्यांदा लावताना मी विचारलं, काही घेतलंत का?
"औषध? छे. नाकासाठी एक गोळी घेतो, ती काय औषध असते?"

डॉक्टर ओतीलिआ म्हणाल्या, एका गोळीने एवढं होत नसतं,
नळीत आपण रक्तात पोचतं त्याच्या शंभरपट ओततो.
झोप झाली नसेल, सर्दी येत असेल, तुझा हात चुकला असेल.
काट मार.
मी काट मारली. सरळ, पट्टी लावून.

पण हर्न्चिआर दारातच उभे, बाही खाली करत.
"म्हणजे गोळी माझी आग विझवते?
मग शिंकू की लढू, तेवढं सांगा."

काय सांगणार होते मी?
मातूशची बोटं डोळ्यांपुढे आली.
याच पेशी, हाच विस्तव,
शत्रू सापडेना म्हणून सांध्यांतच पेटलेला.
सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात;
त्याच्या हातात सुकं काही नव्हतंच.
शेवटच्या हिवाळ्यात शर्टाची बटणं मी लावायचे
आणि मनात म्हणायचे, विझ, बाई, विझ,
ज्या उजेडाचा पगार घेते त्यालाच.

हर्न्चिआरना म्हटलं, तुम्ही ट्राम चालवता,
झोप येणारी तेवढी घेऊ नका.

आठवड्याने ते आपणहून हजर.
डोळे लाल, नाकातून डॅन्यूब.
"पाच दिवस गोळी नाही. आता काढा रक्त."
यंत्र गुरगुरलं, कागद सरकला, टेकडी चढू लागली,
चांगली उंच, वहीत शोभेल अशी.
ते पाहायला वाकले आणि नेमके
तिच्यावरच शिंकले.

शाई फुटली माथ्यावर.
डॉक्टर ओतीलिआंनी तोही कागद बाद केला.
मी तो घरी आणलाय.